छपराखालची हरळी

संपादकांचा फोन आला तेव्हा यवतमाळात पाऊस लागून राहिला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'छप्पर', असं ते म्हणाले. घरावरचं, देवळावरचं, डोक्यावर असलेलं आणि नसलेलं. तुम्ही मैदानावरच्या छपराबद्दल लिहा. परदेशात एकेका घुमटाखाली फुटबॉलचं अख्खं मैदान असतं, सत्तर-सत्तर हजार माणसं बसतात. असा घुमट शहराच्या कोणत्या कामी येतो, ते बघा.

यवतमाळात असा घुमट नाही. जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत नाही. तरी 'डोम' हा शब्द इथं चहाच्या टपरीवरही ऐकू येतो आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरापोरींच्या तर तो नेहमी तोंडात असतो. त्यांचा डोम निराळा. तो रात्रीतून उभा राहतो, तीन दिवस, आठ दिवस राहतो आणि ट्रकमध्ये बसून निघून जातो. त्याच्याविषयी त्यांची एक तक्रार आहे. ती ऐकल्यावर मला वाटलं, दूरदेशीचे घुमट समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

फक्की धुऊन जाते

मैदान शहरातलंच. नाव लिहीत नाही, कारण जे दिसलं ते विदर्भातल्या बऱ्याच मैदानांवर दिसेल. शाळांचे सामने होते, सतरा वर्षांखालच्या मुलांचे. रात्रभर पडून पाऊस सकाळी थांबला होता. एका गोलपोस्टसमोर डबकं साचलेलं, आणि एक क्रीडाशिक्षक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावड्यानं त्या डबक्याला वाट काढून देत होते. दोन मुलं बादलीनं पाणी उपसत होती. पहाटे मारलेली फक्की धुऊन गेली होती. रेषा कुठं होती हे सांगायला कोपऱ्यातल्या चार झेंड्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

सामना सुरू झाला. पहिली लांब किक उंच गेली, सगळे मागं धावले, आणि चेंडू खाली आला तो चिखलात रुतून तिथंच बसला. उसळला नाही. बचावपटूनं तो काढायला पाय मारला तर बूट चिखलात राहिला आणि मोजा घातलेला पाय बाहेर आला. कुणी हसलं नाही. सवयीचं होतं.

"सर, इथं पाऊस पडला का बॉल पुढं नाई जात, जमिनीच्या पोटात जाते," फावडं टेकवून ते शिक्षक म्हणाले.

पावसाळा टाळून हे सामने घेता येत नाहीत. शाळांच्या स्पर्धांचं वर्ष जूनमध्ये शाळेबरोबर उघडतं. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हा फेऱ्या साधारण जुलैतच उरकाव्या लागतात, कारण जिल्ह्यात जिंकलेल्या संघाला पुढं अमरावती विभागात, तिथून राज्यात आणि मग देशपातळीवर जायचं असतं. पेरणी आणि फुटबॉल दोन्ही एकाच पावसावर येतात.

शिवाय माती काळी. यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा, आणि कापसाला जी माती मानवते ती पायाला मानवत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यात बुटाच्या तळव्याला दोन-दोन किलोचं ओझं चिकटतं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्याच जागी भेगा पडतात, घोटा आत जाईल एवढ्या. इथं घर बांधणारा माणूस पाया काळ्या मातीत ठेवत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणतो. मैदान मात्र आपण मातीवर तसंच सोडून देतो. सपाट दिसलं की झालं मैदान.

मध्यंतरात मी मुलांना विचारलं, वर छप्पर असतं तर? एका मुलाचे डोळे चमकले. दुसरा म्हणाला, "मंग तं बारा महिने खेळता येईन." तिसरी मुलगी होती, दुसऱ्या शाळेच्या मुलींच्या संघातली गोलरक्षक, आपल्या सामन्याची वाट बघत कडेला बसलेली. ती म्हणाली, "छत नाई पायजे जी. पानी निंगून गेलं पायजे, बस."

त्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला मला ह्यूस्टनच्या गवतापर्यंत जावं लागलं.

दूर्वा आणि ऊन

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात एप्रिल १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम उघडलं. एवढ्या मोठ्या मैदानावर संपूर्ण बंद छप्पर आणि आत वातानुकूलन, असं जगात पहिल्यांदाच झालं. ह्यूस्टनचा उन्हाळा दमट आणि डासांचा, प्रेक्षक येईनात. म्हणून ही उठाठेव. बांधणाऱ्यांनी त्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हटलं. आधी तिथं बेसबॉल सुरू झाला, पुढं त्यांचा फुटबॉलही आला. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून धडका देत पुढं सरकण्याचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते सॉकर म्हणतात. पण दोन्ही खेळांना लागतं ते एकच, पायाखाली जिवंत गवत.

गवत जगावं म्हणून घुमटाला हजारो पारदर्शक तावदानं बसवली होती. आत लावलं होतं बर्म्युडा गवत, खास निवडलेलं संकरित वाण. हे बर्म्युडा म्हणजे आपल्याला परकं नाही. आपल्या हरळीच्याच कुळातलं ते, गणपतीला जिच्या एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा. यवतमाळचा कास्तकार जिला वावरातून हटवता हटवता थकतो, कुंद्याच्या जोडीनं जिला शिव्या देतो, तीच हरळी जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर पोटच्या पोरासारखी जपली जाते. नांगरली तरी उगवते, जनावरांनी खाल्ली तरी उगवते, दोन महिने पाणी नसलं तरी जीव धरून राहते. तिला सहन होत नाही ती एकच गोष्ट, सावली.

ॲस्ट्रोडोममध्ये झालं असं, की दुपारच्या सामन्यात तावदानांतून येणाऱ्या झळाळीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. झेल सुटू लागले. मग तावदानांना रंग फासला. चेंडू दिसू लागला आणि गवत मेलं. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून खेळले. दुसऱ्या वर्षी, १९६६ मध्ये, तिथं प्लास्टिकचा गालिचा अंथरला गेला. ॲस्ट्रोटर्फ हे नाव त्या घुमटावरूनच पडलं. आज आपल्याकडे पुण्या-नागपुरात तासावर भाड्यानं मिळणारी जी 'टर्फ' मैदानं निघाली आहेत, त्यांचं मूळ एका छपराखाली मेलेल्या हरळीत आहे.

पुढं लोकांनी नाना युक्त्या केल्या. १९९४ च्या विश्वचषकात डेट्रॉईटजवळच्या पाँटिॲकच्या बंद मैदानात सामने घ्यायचे ठरले, तेव्हा मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या गवततज्ज्ञांनी षट्कोनी तबकांत गवत बाहेर उन्हात वाढवलं आणि ती तबकं आत आणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकमेकांना भिडवली. १८ जून १९९४ ला अमेरिका आणि स्वित्झर्लंड त्यावर खेळले. विश्वचषकातला छपराखालचा तो पहिला सामना. जपानमध्ये साप्पोरो डोमनं २००१ मध्ये त्याहून पुढं मजल मारली. तिथं अख्खं मैदानच बाहेर उन्हात असतं आणि सामन्याच्या दिवशी हवेच्या दाबानं त्याचा भार हलका करून ते चाकांवरून आत सरकवतात. गोठ्यातली गाय दिवसा चरायला सोडावी आणि दूध काढायच्या वेळी आत आणावी, तसं.

हे वाचताना मला त्या मुलीचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. छपरामुळं पाऊस थांबतो आणि ऊनही थांबतं. श्रीमंत शहरांनाही यातलं एक निवडावं लागलं, किंवा दोन्हीसाठी अफाट पैसा मोजावा लागला.

धाव बसवलेलं चाक

एवढं मोठं छप्पर मधे एकही खांब नसताना उभं कसं राहतं? फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १२५ मीटर. नुसतं मैदान झाकायचं तरी घुमटाला तेवढा पल्ला हवा, प्रेक्षक वेगळेच. आपल्या माहितीतला सर्वांत मोठा जुना घुमट विजापूरचा, १६५६ चा गोल घुमट. त्याचा व्यास सुमारे ४४ मीटर. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या सुपरडोम या घुमटाचा व्यास ६८० फूट, म्हणजे २०७ मीटर. त्याची सावली आठ एकरांहून जास्त जमीन झाकते. यवतमाळातल्या कितीतरी कास्तकारांचं सगळं वावर मिळून तेवढं भरत नाही.

घुमटाचं वजन खाली येताना बाहेरच्या बाजूला ढकलतं. जुने कारागीर त्यासाठी जाडजूड भिंती घालत. पोलादाच्या घुमटात ते काम एक कडं करतं. बैलगाडीचं चाक डोळ्यांपुढं आणा. लाकडाचे आरे आणि पाट कितीही नीट बसवले तरी ओझं पडलं की ते फाकू बघतात. म्हणून लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. घुमटाच्या पायथ्याशी असंच एक पोलादी कडं असतं. वरून येणाऱ्या कमानी म्हणजे आरे. शेंड्याला एक लहान कडं, चाकाच्या तुंब्यासारखं, सगळे आरे ज्यात येऊन मिळतात. वरचं कडं दाब सोसतं, खालचं ताण.

दुसरी तऱ्हा हवेची. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत काही मैदानांवर नुसतं कापडी छप्पर घातलं आणि आत मोठ्या पंख्यांनी हवेचा दाब किंचित जास्त ठेवून ते फुगवून धरलं. स्वस्त पडलं, लवकर झालं. पण त्याला रोज सांभाळावं लागतं. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं असं छप्पर १२ डिसेंबर २०१० च्या पहाटे बर्फाच्या भारानं फाटलं आणि वरचं बर्फ धबधब्यासारखं मैदानावर कोसळलं. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

सगळ्या गावाचं मंगल कार्यालय

या घुमटांचा जमाखर्च फुटबॉलवर भागत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाचे घरच्या मैदानावर वर्षाकाठी आठ-दहा सामने होतात. बाकीचे साडेतीनशे दिवस तो घुमट काय करतो, यावर त्याचं शहरातलं स्थान ठरतं. न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम ऑगस्ट १९७५ मध्ये उघडला. १५ सप्टेंबर १९७८ ला मुहम्मद अलीनं तिथं लिऑन स्पिंक्सला हरवून तिसऱ्यांदा जागतिक विजेतेपद मिळवलं. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथं तरुणांशी बोलले. गाण्याचे कार्यक्रम, प्रदर्शनं, मेळावे. आपल्याकडे गावातलं एकुलतं एक मोठं मंगल कार्यालय जसं लग्नालाही लागतं आणि रक्तदान शिबिरालाही, तसं.

मग २००५ चा ऑगस्ट आला. आपल्याकडे महिनाभर आधी २६ जुलैला मुंबई बुडाली होती, त्यामुळं त्या बातम्या आपण ओल्या मनानं वाचल्या होत्या. कतरिना वादळ येणार म्हणून न्यू ऑर्लिन्स रिकामं करायचा हुकूम निघाला. ज्यांच्याकडे गाडी होती ते निघाले. ज्यांच्याकडे नव्हती, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती, त्यांना सांगितलं गेलं की सुपरडोममध्ये या. २९ ऑगस्टला वादळानं छपराचं वरचं आवरण सोलून काढलं, दोन ठिकाणी भोकं पडली, पाणी आत आलं. वीज गेली. जनित्रावर मिणमिणते दिवे तेवढे चालू राहिले. शहराचे बंधारे फुटले तेव्हा होड्यांतून आणखी माणसं तिथं आणली गेली. वीस हजारांहून जास्त लोक, कोंदट काळोख, तुंबलेली शौचालयं. फुटबॉलच्या हिरव्या गालिच्यावर लोकांनी चादरी अंथरल्या. पुढं बसमधून त्यांना नेलं कुठं, तर बरेचसे ह्यूस्टनला, त्याच जुन्या ॲस्ट्रोडोममध्ये. एका घुमटातून दुसऱ्या घुमटात.

सुपरडोम दुरुस्त करायचा की पाडायचा, यावर वाद झाला. घरं पडलेली असताना खेळाच्या मैदानावर पैसा कशाला, हा प्रश्न खोटा नव्हता. तरी दुरुस्त केला. २५ सप्टेंबर २००६ ला शहराचा संघ तिथं परत खेळला आणि अटलांटाच्या संघाविरुद्ध जिंकला. लोक रडले म्हणतात. मला त्यात नवल वाटत नाही. जिथं आपण असहाय होऊन बसलो होतो तिथंच वर्षभरानं तिकीट काढून, मुलांना घेऊन, ताठ मानेनं बसणं ही मोठी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात घुमट म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे ते वरळीचं डोम, म्हणजे १९५७ चं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. ते फुटबॉलचं नाही. पण त्याचीही कथा तीच. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिला सामना तिथं झाला आणि मातीतला खेळ गादीवर, झगमगाटात आला. २०२० मध्ये करोना आला तेव्हा तिथं खाटा लागल्या. ५ जुलै २०२५ ला उद्धव आणि राज ठाकरे इतक्या वर्षांनी एका व्यासपीठावर आले ते त्याच घुमटाखाली. तीन प्रसंग, तीन तऱ्हेची गर्दी. पाऊस असो, ऊन असो, ठरलेल्या वेळी हजारो माणसं बसवता येतात, ही एवढीच त्याची विद्या, आणि शहराला ती पुन्हा पुन्हा लागते.

यवतमाळलाही लागते. २२ जुलै २०२३ ला जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यानं वेढली गेली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. पाणी वाढलं की आपल्याकडे माणसं जातात जिल्हा परिषदेच्या शाळेत, समाजमंदिरात, देवळात. मजबूत, उंचावरचं, पाणी आणि शौचालय असलेलं एखादं मोठं छप्पर प्रत्येक तालुक्याला असावं, हे मला मनापासून पटतं. तालुका क्रीडा संकुलांकडे तशा नजरेनं बघायला हवं. कबड्डी, कुस्ती, खो-खो, बॅडमिंटन यांना ते छप्पर रोज लागेल आणि पुराच्या रात्री सगळ्यांना लागेल. त्यासाठी पाव एकराचा हॉलसुद्धा पुष्कळ काम करतो. त्याला आठ एकरांचा घुमट लागत नाही.

बिछायत केंद्रात

दसऱ्यानंतर पुन्हा यवतमाळला गेलो. दुर्गोत्सव नुकताच उलगला होता. यवतमाळकर अभिमानानं सांगतात की दुर्गापूजेत कोलकात्यानंतर आपलाच नंबर. त्या नऊ रात्री या शहरात खरोखर घुमट उभे राहतात: बांबू, बल्ल्या, कापड, थर्माकोल यांची देवळं आणि महाल, चौकाचौकांत. आसपासच्या खेड्यांतली माणसं रात्रभर चालत ते बघतात. दहाव्या दिवसानंतर सगळं उतरतं.

आर्णी रोडकडे एका बिछायत केंद्राच्या गोदामात मालक मला ते उतरलेलं शहर दाखवत होते. एका भिंतीला कनातींच्या घड्या, एका कोपऱ्यात गाद्या-लोड, मधे बल्ल्यांची रास. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वेगळा, डोम. ॲल्युमिनियमच्या लांब कमानी, नट-बोल्टांची पोती, पांढऱ्या जाड कापडाच्या गुंडाळ्या.

"डोम म्हंजे कसं, मधात खांब नाई," ते म्हणाले. "मांडवात मागच्याले खांब आडवा येते. डोममधी हजार मानूस बसवा, सगळ्याईले स्टेज दिसते. पानी लागत नाई. पंखे, कूलर, सगळं वर टांगता येते."

कमानीच्या खोबणीत कापडाची जाड कड सरकवत नेतात, दुसऱ्या टोकाला ओढून ताण देतात. कापड ढोलकीच्या पुडीसारखं वाजलं पाहिजे. प्रत्येक कमानीच्या पायाला लोखंडी पाटा. त्या पाट्याला चार-चार भोकं. त्यातून हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या घणानं जमिनीत ठोकतात. "वारा आला का डोम उडू पायते. पतंगच होते त्याचा. खुंटी खोल नाई गेली तं कोनाचा जीव जाईन." म्हणजे इथं वजन पेलण्याची चिंता कमी, उडून जाण्याची जास्त. न्यू ऑर्लिन्समध्ये जे काम पोलादी कडं करतं ते इथं या खुंट्या करतात, आणि ज्या जमिनीत त्या जातात ती कुणाची तरी असते.

यवतमाळनं अशा छपरांखाली फार मोठे प्रसंग पाहिले आहेत. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथं मराठी साहित्य संमेलन भरलं. ४६ वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे अध्यक्ष असलेलं ९२ वं संमेलन पोस्टल ग्राउंडवर झालं. निमंत्रणावरून झालेल्या वादानंतर उद्घाटनाला उभ्या राहिल्या त्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. एका मैदानावरच्या मांडवातून ती बाई बोलली आणि महाराष्ट्रानं ऐकलं. मैदान नसतं तर हे कुठं झालं असतं? म्हणून मी मांडवाच्या विरोधात नाही. संमेलन, कृषी प्रदर्शन, सभा, कीर्तन हे सगळं मैदानावरच व्हायचं. आपल्या गावांत मैदान हाच घुमट असतो. त्याला आभाळाचं छप्पर असतं आणि लागेल तेव्हा कापडाचं येतं.

प्रश्न छप्पर निघून गेल्यानंतरचा आहे.

चुंबक

पावसात सामने पाहिले होते त्याच मैदानावर सकाळी साडेसहाला पोचलो. नुकतंच तिथं कसलं तरी प्रदर्शन होऊन गेलं होतं. ट्रकच्या चाकांचे चर ओल्या मातीत उमटून तसेच वाळले होते, वीतभर खोल. जिथं स्टॉल होते तिथं चौकोनी ठिपक्यांत गवत पिवळं पडलेलं. त्या ठिपक्यांकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघत होतो. आठ दिवसांची सावली हरळीला पुरली होती.

मुलं आली होती, पण खेळत नव्हती. दहा-बारा जण एका रांगेत, हाताच्या अंतरावर, खाली बघत मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होते. निंदायला बाया ओळीनं चालतात तसे. मधल्या मुलाच्या हातात सुतळी होती आणि सुतळीच्या टोकाला जुन्या लाऊडस्पीकरमधलं गोल काळं चुंबक, मातीवरून घासत जाणारं. दर पाच-सात पावलांना तो थांबायचा, चुंबक उचलायचा, त्याला चिकटलेलं ओरबाडून दुसऱ्या मुलाच्या हातातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. खिळे, तारेचे तुकडे, चुका, एक वाकलेला नट.

"डोम निंगला का तीन दिवस हेच करा लागते," तो म्हणाला. "मागच्या साली माह्या भावाच्या पायात गेला होता. बूट फोडून."

मैदान देताना अनामत घेतात, मैदान पूर्ववत करून द्यायची अट कागदावर असते, हे मला बिछायतवाल्यांनी सांगितलं होतं. खुंट्या उपटून त्यांचे कामगार नेतात, कारण खुंटीला पैसा पडतो. भोकं बुजवायला कुणी थांबत नाही. त्या भोकांत पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात तिथूनच भेग सुरू होते. मला हे अक्षम्य वाटतं. ज्या सभेला हजारो लोक येतात, जिच्या मांडवावर लाखो रुपये लागतात, तिथं दोन मजूर, एक ट्रॉली मुरूम आणि अर्ध्या दिवसाचं रोलर एवढ्यावर हे काम भागतं.

या राज्यात फुटबॉलबद्दल उत्साह कमी नाही. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता तेव्हा, १५ सप्टेंबर २०१७ ला, दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम राज्यानं आखला होता. शाळाशाळांत चेंडू पोचले. शेजारी नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे उभं केलं त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला. बारसे सरांना ती मुलं पहिल्यांदा दिसली तेव्हा ती पावसात फुटकी बादली लाथाडत होती. चेंडू नसला तरी खेळ सुरू होतो. जमीन नसली तर होत नाही.

जुलैतले ते क्रीडाशिक्षक तिथंच भेटले. मी त्यांना घुमटांच्या गोष्टी सांगितल्या. धावेचं कडं, सरकणारं मैदान, तबकातलं गवत. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग मुलांची हजेरी लिहायची वही उघडली आणि जमिनीवर पालथी ठेवली. मधे वहीचा कणा उंच, दोन्ही बाजूंना पानांचा उतार.

"असं पायजे मैदान," ते म्हणाले. "मधात वीतभर उंच. खाली गिट्टी, त्याच्यावर मुरूम, त्याच्यावर वाळू मिसळलेली माती. दोन्ही कडेले नाली. कितीही पानी पडू द्या, कौलावरून गेल्यासारखं निंगून जाईन. वरून हरळी लावून द्या. वर काई नको. ऊन लागू द्या तिले."

ती मुलगी, गोलरक्षक, वहीकडे बघत उभी होती. तिनं आणखी दोन गोष्टी जोडल्या. मुलींना कपडे बदलायला एक खोली, दाराला आतून कडी असलेली. आणि पाण्याचा नळ. सध्या त्या सरावाला घरूनच गणवेश घालून येतात आणि अंगभर चिखल घेऊन तशाच ऑटोत बसतात; ऑटोवाला कधी बसवतो, कधी नाही.

नऊ वाजता ऊन चढलं. चुंबकवाला मुलगा चौथ्यांदा मैदानाच्या टोकाला जाऊन परत आला. डबा निम्म्याहून जास्त भरला होता. हलवला तर आता वाजत नव्हता, एवढे खिळे एकमेकांत दाटून बसले होते. त्यानं तो गोलपोस्टच्या पायाशी ठेवला, शेजारी चुंबक ठेवलं आणि सुतळी त्यावर गुंडाळली. मैदानाचा पलीकडचा भाग अजून राहिला होता. सरांनी अलीकडच्या निम्म्या भागात चपला ठेवून दोन छोटे गोल आखले, फक्कीच्या पिशवीत तळाशी उरलेली मूठभर पावडर मधोमध टाकली आणि शिटी वाजवली.